पावसाळ्यात बंद असलेली गाडी

कारंज्यात आमच्या लहानपणी पावसाळ्याची चाहूल दोन गोष्टींवरून लागायची. अब्बा शिडी लावून छपरावर चढायचे आणि फुटलेले कवेलू बदलायचे. आणि ‘शकुंतला’ नेहमीपेक्षा जास्त उशिरा यायला लागायची. दादी म्हणायची, गाडीलाही पाण्याची भीती वाटते. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसांना रेल्वे म्हणून नाही, नात्यातली बाई म्हणून माहीत होती. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आमच्या वऱ्हाडातल्या कापसासाठी बांधली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत ती ओढत होतं. ज्या गावच्या गिरण्यांना आमचा कापूस जायचा, त्याच गावचं इंजिन!

त्यामुळे माझ्या डोक्यात लहानपणापासून एक समज पक्का बसला होता. रूळ, बोगदे, घाटातल्या गाड्या हे सगळं गोऱ्या साहेबाचं काम. आपल्या माणसांनी फार तर खडी फोडली, टोपल्या उचलल्या. शाळेतल्या पुस्तकानेही वेगळं काही सांगितलं नाही.

हा समज माथेरानने मोडला. नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रुळांची गाडी एका मुंबईकर बोहरा मुसलमानाच्या पैशातून आणि त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली उभी राहिली, हे मला वयाच्या तिशीनंतर कळलं. तोपर्यंत मी त्या गाडीत दोनदा बसून आलो होतो.

माथेरानचा लिखित इतिहास ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्यापासून सुरू करण्याची पद्धत आहे. मे १८५०मध्ये तो चौकच्या बाजूने, गावच्या पाटलाला सोबत घेऊन वर चढला आणि डोंगराच्या प्रेमात पडला. सरकारी कागदांत याला ‘शोध’ म्हणतात. ठाकूर, कातकरी आणि धनगर त्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. पाटलाला वाट माहीत होती म्हणूनच साहेब वर पोहोचला. असो. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यालाही जागा आवडली, वाटा आखल्या गेल्या, बंगले उठले, आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांनी, पारशी शेठियांनी, बोहरा-खोजा व्यापाऱ्यांनी तिथे घरं बांधली. १८५६मध्ये कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेली, तेव्हा नेरळपर्यंत पोहोचणं सोपं झालं. खरी अडचण नेरळनंतर होती. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरचं पठार, आणि तिथे जायला घोडं, पालखी, खुर्ची किंवा स्वतःचे पाय.

सांगतात की १९०० साली आदमजी पीरभॉय माथेरानला जायला निघाले, पण नेरळला त्यांना वर जायला वाहनच मिळालं नाही. सगळी घोडी, सगळ्या पालख्या आधीच ठरलेल्या. मुंबईचा एवढा मोठा शेठ हात हलवत परत गेला आणि मनाशी म्हणाला, इथे गाडी आणीन. अशा गोष्टी फार सुबक असतात, म्हणून मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. कागदावर दिसतं ते एवढं : १९००च्या सुमाराला योजना झाली, १९०४मध्ये काम सुरू झालं आणि १९०७मध्ये गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये. मजुराची रोजी आण्यांमध्ये मोजली जायची, त्या काळातले सोळा लाख.

हे आदमजी पीरभॉय कोण? दाऊदी बोहरा समाजातले. रस्त्यावर आगपेट्या विकण्यापासून सुरुवात केल्याचं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. पुढे कापड गिरणी, धारावीत चामड्याचा कारखाना, आणि सगळ्यांत मोठा धंदा ब्रिटिश लष्कराला तंबू, बूट आणि खाकी कपडे पुरवण्याचा. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले, १९०७मध्ये ‘सर’ झाले. चर्नी रोडला त्यांच्या नावाचं सॅनिटोरियम आहे. पैसा नसलेल्या आजाऱ्याला समुद्राच्या हवेत चार दिवस राहता यावं म्हणून बांधलेलं. हवापालट ही फक्त श्रीमंतांची गोष्ट नाही, हे या माणसाला माथेरानच्या आधीच कळलं होतं, असं म्हणायला जागा आहे.

आपल्याकडे अशा माणसाचे दोन पुतळे बनवायची घाई असते. एका बाजूला ‘दानशूर, समाजाचे भूषण’. दुसऱ्या बाजूला ‘मुस्लिम लीगवाला’. कारण डिसेंबर १९०७मध्ये कराचीत झालेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. दोन्ही पुतळ्यांमध्ये तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. त्यांचा पैसा साम्राज्याच्या फौजेला बूट-तंबू विकून आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि माथेरानची गाडी हा दानधर्म नव्हता, धंदा होता. तिकीट होतं, कंपनी होती, नफ्याची अपेक्षा होती. पण मला त्यांच्या धंद्याचं जे अप्रूप वाटतं, ते वेगळ्या कारणासाठी. त्यासाठी पावसाळ्याकडे यावं लागेल.

आधी रुळांबद्दल थोडं. काम प्रत्यक्ष पार पाडलं ते मुलगा अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. सल्ला घेतला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरचा. हा तोच कॅलथ्रॉप, ज्याने सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे उभी केली. त्याच्या कल्पनेप्रमाणे ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने इंजिनं बनवली. त्यांची चाकं थोडी इकडेतिकडे सरकू शकतील अशी धुऱ्यांची रचना होती. सरळ धुऱ्याचं इंजिन त्या वळणांवर फिरलंच नसतं. नेरळपासून माथेरानपर्यंत साधारण २१ किलोमीटर, दोनशेहून जास्त वळणं, आणि काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर अशी चढण. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही मधली स्टेशनं. बोगदा अख्ख्या मार्गावर एकच, आणि तोही इतका आखूड की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात.

बोगदे टाळले, म्हणजे डोंगराच्या अंगावरून, त्याच्या प्रत्येक घडीतून रूळ न्यावे लागले. डोंगराच्या प्रत्येक घडीत पावसाळ्यात एक ओहोळ असतो. म्हणून प्रत्येक घडीत मोरी किंवा छोटा पूल. आणि इथूनच त्या गाडीचं खरं दुखणं सुरू होतं.

माथेरानला कोकणाच्या घाटमाथ्याचा पाऊस पडतो. वाशीमला जेवढा पाऊस वर्षभरात होतो, तेवढा तिथे जुलैच्या एका बऱ्या पंधरवड्यात होऊ शकतो. पूर्वी जूनच्या मध्याला डोंगर रिकामा व्हायचा. बंगले बंद, बाजार अर्धा, फक्त राखणदार आणि डोंगरातली माणसं मागे. गाडीही थांबायची आणि आजही नेरळ ते अमन लॉज हा टप्पा साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद असतो. अलीकडे अमन लॉज ते माथेरान एवढी छोटी फेरी तेवढी पावसात चालते.

आता शेठच्या चोपड्यात डोकावून पाहा. वर्षाचे चार महिने एक पैशाचं तिकीट नाही. आणि नेमका त्याच चार महिन्यांत सगळा खर्च. दरड कोसळली, उचला. रुळांखालची खडी वाहून गेली, पुन्हा भरा. मोरीत पालापाचोळा आणि दगड अडकले, मोकळ्या करा. नाही केल्या तर पाणी रुळावरून वाहील आणि भराव घेऊन जाईल. लाकडी स्लीपर कुजले, बदला. इंजिनाचा बॉयलर उघडा, धुवा, नळ्या तपासा. ऑक्टोबरमध्ये पहिला प्रवासी खिडकीत बसेल तेव्हा त्याला यातलं काही दिसणार नाही. त्याला दिसेल हिरवी दरी. धंदा म्हणून पाहिलं तर यापेक्षा वेडेपणाची गुंतवणूक त्या काळच्या मुंबईत शोधून सापडली नसती. कापूस होता, अफू होती, गिरण्या होत्या, जमिनी होत्या. या बापलेकांनी असा धंदा निवडला, ज्यात दरवर्षी निम्मं काम नव्याने करावं लागतं.

बर्फाच्या प्रदेशातही हाच हिशेब असतो, फक्त ऋतू उलटा. गुलमर्गला हिवाळ्यात स्कीइंग करायला जगभरातून लोक येतात. तिथल्या गंडोलाचा पहिला टप्पा १९९८मध्ये आणि दुसरा २००५मध्ये सुरू झाला. तिथेही दोर, खांब, चाकं तपासायला पाळणे ठरावीक दिवस बंद ठेवावे लागतात. आल्प्समधल्या गावांत बर्फ वितळलं की उतारांवरचे दगड वेचणं, पाण्याचे चर काढणं, पाळण्यांची दुरुस्ती, हे उन्हाळाभर चालतं. हंगामावर जगणाऱ्या प्रत्येक डोंगराचं खरं वर्ष हंगाम संपल्यावर सुरू होतं. त्याचे फोटो कोणी काढत नाही इतकंच.

हे काम एखाद्या वर्षी पावसाच्या आवाक्याबाहेर गेलं तर काय होतं, ते माथेरानने या शतकात तीनदा पाहिलं. २६ जुलै २००५चा पाऊस मुंबईकरांना आठवतो तो सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरसाठी. त्याच पावसाने माथेरानचे रूळ जागोजागी हवेत लटकत ठेवले. खालचा भराव गेला होता. गाडी परत धावायला २००७ उजाडलं, म्हणजे बरोबर शताब्दीचं वर्ष. मग मे २०१६मध्ये डबे रुळांवरून घसरण्याचे दोन प्रसंग लागोपाठ घडले आणि गाडी बंद झाली. डब्यांना एअर ब्रेक बसवले, दरीच्या बाजूला कठडे उभे केले. ऑक्टोबर २०१७मध्ये वरची छोटी फेरी आणि जानेवारी २०१८मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी, २०१९च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला. या वेळी नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ लागला. मधल्या काळात कोरोनाही येऊन गेला. दर खेपेला ‘ही गाडी परवडत नाही, बंद करा’ असा सूर निघतो. सोळा लाख घालणाऱ्यालाही ती परवडत होती का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

या बंद महिन्यांची दुसरी बाजू माणसांची आहे. घोडेवाले, हमाल, हातरिक्षा ओढणारे, चप्पल-चिक्की विकणारे. यांच्यासाठी ‘ऑफ सीझन’ म्हणजे उसनवारी. खालच्या वाड्यांतला आदिवासी त्या दिवसांत भाताची आवणी करतो, त्याला निदान शेत तरी आहे. ज्याच्याकडे फक्त घोडा आहे, त्याचा घोडा पावसातही खातोच. विकासाचे आराखडे होतात तेव्हा पर्यटक किती येतील हे मोजलं जातं. ते नसतील तेव्हा घोडा काय खाईल, हा आकडा आराखड्यात नसतो.

माथेरानमध्ये मोटार चालत नाही, दस्तुरी नाक्याला थांबते. फेब्रुवारी २००३मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्यामुळे डोंगर वाचला, हे खरं. पण मोटार नाही म्हणून माणसाला माणसाने ओढावं, ही रीतही त्याच्या आडोशाने टिकून राहिली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आमच्या अमरावतीचे. स्वातंत्र्याला ७८ वर्षं होत असताना ही प्रथा चालू राहणं माणुसकीला धरून नाही, असा त्यांच्या आदेशाचा रोख होता. त्याच प्रकरणात रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, यावरही वाद झाला. वरवर हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण तिथली लाल माती दरवर्षी पावसासोबत दरीत जाते, आणि ती धरून ठेवायची कशी, हा मॅलेटच्या काळापासूनचा प्रश्न आहे. सिमेंट टाकलं तर घोड्याचा पाय घसरतो, पाणी मुरत नाही. काहीच नाही टाकलं तर रस्ता जातो. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला परवानगी दिली आणि आतल्या वाटा मातीच्या ठेवायला सांगितल्या. मधला मार्ग आहे, आणि मला तो पटतो.

आमच्या वऱ्हाडाचं माथेरान म्हणजे चिखलदरा. वाशीम-कारंज्यातली लग्न झालेली जोडपी आणि कॉलेजची पोरं अजूनही तिकडेच जातात. तिथे गणित उलटं आहे. इंग्रज अंमलदार उन्हाळ्यात जायचे, आपण पावसात जातो, धबधबे पाहायला. १८२३मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ‘शोध’ लावला, असं तिथेही पाटीवर वाचायला मिळतं. चार पावलांवर गाविलगड उभा असताना! तो किल्ला बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५च्या सुमाराला बांधला. १४८८मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्हुल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची डागडुजी करून तो वाढवला. पुढे १५७७मध्ये बहराम खानाने बुरूज दुरुस्त केला. म्हणजे किल्ला बांधणारा एक, आणि तो राखणारे पिढ्यान्‌पिढ्या. दुरुस्ती करणाऱ्याला आपलं नाव फारसीत दगडावर कोरून ठेवावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. डागडुजी ही त्या काळी अभिमानाची बाब होती. १८०३च्या डिसेंबरात वेलस्लीने किल्ला घेतला आणि १८५८मध्ये इंग्रजांनी त्याची तटबंदी मोडून टाकली.

आज चिखलदऱ्याचा विकास सिडकोकडे आहे. गोराघाट ते हरिकेन पॉइंट अशा दरीवर ४०७ मीटर लांबीच्या काचेच्या स्कायवॉकचं काम कित्येक वर्षं चर्चेत आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प शेजारीच असल्याने वन्यजीवांच्या परवानग्यांत ते अडकत राहिलं. मी स्कायवॉकच्या विरोधात नाही. झाला तर मीही पोरांना घेऊन जाईन. पण त्या काचा, ते दोर दर पावसाळ्यानंतर कोण तपासणार, त्यासाठी दरवर्षी किती पैसे बाजूला ठेवलेत, हे कोणत्याही घोषणेत मला सापडलं नाही. गाविलगडाचे पाण्याचे तलाव गाळाने भरताहेत, त्यांचा उपसा कोणत्या आराखड्यात आहे तेही नाही.

मराठी मुसलमानांच्या इतिहासलेखनातही मला हीच खोट दिसते. आपण गड कोणी बांधला, लढाई कोणी जिंकली, दान कोणी दिलं यावर भरभरून लिहितो. दमास्कसहून मदिनेला जाणाऱ्या हिजाझ रेल्वेसाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी गल्लोगल्ली वर्गणी गोळा केली होती. ती गाडी १९०८मध्ये मदिनेला पोहोचली. उर्दूत त्यावर पुष्कळ वाचायला मिळतं. त्याच्या एकच वर्ष आधी, मुंबईपासून हाकेच्या अंतरावर एका मुसलमान बापलेकांनी डोंगरावर गाडी चढवली, त्यावर आपल्याकडे दोन परिच्छेदही मिळणं कठीण. हिजाझची गाडी पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली. माथेरानची चालू आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या गाड्या युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. माथेरान अजून संभाव्य यादीत थांबलं आहे.

आदमजी १९१३मध्ये वारले. म्हणजे गाडी सुरू झाल्यावर त्यांना पाच-सहा पावसाळे मिळाले. त्यांतल्या एखाद्या जुलैत त्यांनी नेरळला येऊन पाहिलं असेल का, मला कल्पना करायला आवडतं.

मी मात्र मागच्या एका ऑगस्टमध्ये मुद्दाम गेलो. वर नाही, नेरळ स्टेशनाच्या बाजूच्या यार्डात. डबे उभे होते, खिडक्या बंद, छपरांवर शेवाळाची झाक. घाटाच्या बाजूला रुळाच्या कडेने चार-पाच गँगमन प्लास्टिकच्या इरल्यांत वाकून नाली मोकळी करत होते. फावड्याने गाळ, हाताने पानं. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, गाडी कधी सुरू होणार? त्याने वर डोंगराकडे पाहिलं. डोंगर ढगात होता. तो म्हणाला, पाऊस ठरवेल, आणि पुन्हा कामाला लागला.

परतताना मूर्तिजापूरला उतरलो. शकुंतलेच्या फलाटावर गेलो. ब्रॉडगेजची घोषणा होऊन वर्षं झालीत. अडीच फुटांच्या रुळांमध्ये तरोटा कमरेएवढा वाढला होता आणि त्यात दोन बकऱ्या चरत होत्या.